पुसलेल्या फिती आणि जपणारे कान

चाहत्याचे मत आणि इतिहासकाराचे विधान यांत आपण सहसा काटेकोर भेद करतो. चाहता पक्षपाती, म्हणून अविश्वसनीय. इतिहासकार तटस्थ, म्हणून प्रमाण. हा भेद तत्त्वतः योग्यच आहे. मात्र काही कलाप्रकारांच्या बाबतीत एक अडचण उद्भवते. ज्या वस्तूचा इतिहास लिहायचा ती वस्तूच पक्षपाती चाहत्याने जपलेली असते. तटस्थ माणसांनी ती केव्हाच टाकून दिलेली असते. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथा मालिका आणि त्याच देशातील ‘इंडी’ म्हणून ओळखले जाणारे संगीत या दोन्हींचा मी अनेक वर्षांचा चाहता आहे. तेव्हा पुढील विवेचन पक्षपाती आहे, हे आधीच मान्य करतो.

‘डॉक्टर हू’चा पहिला भाग बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, प्रक्षेपित केला. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट आणि लखनौत जन्मलेले दिग्दर्शक वारिस हुसेन, दोघेही तिशीच्या आतले होते. पैसा तुटपुंजा होता आणि या मालिकेचे सौंदर्यशास्त्र त्या तुटपुंजेपणातूनच घडले, असे माझे मत आहे. काळातून प्रवास करणारे यान बाहेरून पोलिसांची निळी पेटी दिसते. ते उडतानाचा घरघराट ब्रायन हॉजसन यांनी घराची किल्ली पियानोच्या खर्जाच्या तारांवर घासून मिळवला. अवकाशाची अथांगता एका किल्लीने सुचवणे हे मला महागड्या दृश्यचमत्कारांपेक्षा अधिक काव्यात्म वाटते.

शीर्षकसंगीताची कथा याहून बोलकी आहे. स्वररचना रॉन ग्रेनर यांची. ती ध्वनिरूपात साकारली बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधील डेलिया डर्बीशायर यांनी. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकलेल्या या स्त्रीला एका नामवंत तबकडी-कंपनीने, आमच्या ध्वनिमुद्रण कक्षात आम्ही स्त्रियांना नेमत नाही, असे सांगून परत पाठवले होते. कळफलकावर वाजवता येईल असा सिंथेसायझर तेव्हा हाताशी नव्हता. छेडलेली तार आणि आंदोलकयंत्रांचे नाद फितीवर घ्यायचे, फितीचा वेग बदलून स्वर चढवायचा-उतरवायचा, प्रत्येक स्वराचा तुकडा मोजून कापायचा आणि चिकटवायचा, असे ते काम होते. ते ऐकून ग्रेनर यांनी डर्बीशायर यांना सहश्रेय मिळावे अशी इच्छा व्यक्त केली. संस्थेच्या नियमात ते बसले नाही. श्रेयनामावलीत वर्कशॉपचे नाव आले, व्यक्तीचे नाही. मालिकेत त्यांचे नाव पडद्यावर प्रथम झळकले ते २०१३ साली, सुवर्णमहोत्सवी विशेष भागात; डर्बीशायर २००१ मध्येच निवर्तल्या होत्या. १९८० साली हे संगीत सिंथेसायझरवर नव्याने बांधले गेले. ते अधिक सफाईदार आहे. पण मूळ ध्वनीतील भय त्यात उणावले, असे मला वाटते.

नाव गाळणाऱ्या संस्थेने पुढे भागही पुसले. चित्रफिती महाग होत्या, म्हणून त्यांवर नवे कार्यक्रम मुद्रित होत. कलावंत आणि वादक यांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर कृष्णधवल भागांना गिऱ्हाईक उरले नाही. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्म-प्रतीही कालांतराने नष्ट होऊ लागल्या. यात कोणाचे वैर नव्हते. जे कोणी पुन्हा पाहणार नाही ते सांभाळायचे कशाला, इतकाच व्यवहारी हिशेब होता. परिणामी पहिल्या सहा वर्षांतील २५३ भागांपैकी नव्वदहून अधिक भागांची चित्रे आजही उपलब्ध नाहीत.

ध्वनी मात्र प्रत्येक भागाचा उपलब्ध आहे. कारण देशभरातील काही मुलांनी घरच्या दूरचित्रवाणी संचासमोर ध्वनिमुद्रक ठेवून किंवा संचाला तार जोडून ते भाग टिपून घेतले होते. संस्थेजवळ जे उरले नाही ते एखाद्या बैठकीच्या खोलीत उरले. लीळाचरित्राची मूळ प्रत हरपल्यावर अनुयायांनी स्मरणातून पाठ सिद्ध केले, ही महानुभाव परंपरा शिकवताना मला या मुलांची आठवण होते. १९७८ साली बीबीसीच्या कोठारातील उरलेल्या प्रतींचा नाश थांबवण्यात इयन लेव्हीन या चाहत्याचा मोठा वाटा होता. हे गृहस्थ मूळचे तबकड्यांचे संग्राहक. अमेरिकेतील छोट्या कंपन्यांच्या विस्मृत तबकड्या शोधून आणून ते ब्लॅकपूलच्या नृत्यगृहात वाजवत. टाकून दिलेल्या ढिगाऱ्यात मोल पाहण्याची नजर त्यांना तबकड्यांनी दिली, आणि तीच या मालिकेच्या कामी आली. पुढे २०१३ साली नायजेरियातील जॉस शहरी नऊ हरवलेले भाग सापडले, तेही एका संशोधक चाहत्याच्या चिकाटीमुळे.

इंडी संगीताचा इतिहासही असाच आहे. जानेवारी १९७७ मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्सनी उसन्या पैशांवर ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. लंडनमधील रफ ट्रेड या दुकानाने १९७८ साली स्वतःची तबकडी-कंपनी सुरू केली. १९८० पासून इंडी तबकड्यांची स्वतंत्र क्रमवारी प्रसिद्ध होऊ लागली. तिचा निकष संगीताच्या शैलीचा नव्हता, वितरण बड्या कंपन्यांकडून होत नसावे एवढाच होता. जॉन पील हे निवेदक १९६७ पासून २००४ मधील मृत्यूपर्यंत बीबीसी रेडिओवर या मंडळींना ऐकवत राहिले. त्यांचे कितीतरी कार्यक्रम आज ऐकता येतात ते श्रोत्यांनी घरी भरलेल्या कॅसेटींमुळे. पुढे ‘इंडी’ हे विक्रीचे लेबल झाले. १९९२ मध्ये क्रिएशन या कंपनीने जवळजवळ निम्मा वाटा सोनीला विकला, तेव्हाच या शब्दातील मूळ अर्थ संपला, असे माझे मत आहे.

हे दोन प्रवाह अखेर एकमेकांना मिळाले. स्पेसमेन ३ या इंडी चमूतील पीटर केंबर यांच्यासोबत डर्बीशायर यांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत पुन्हा ध्वनिनिर्मिती सुरू केली. बर्मिंगहॅमच्या ब्रॉडकास्ट या चमूने वर्कशॉपचे ऋण उघडपणे मानले. २००४ साली निघालेल्या घोस्ट बॉक्स या छोट्या कंपनीने तर लहानपणी दूरचित्रवाणीवर ऐकलेल्या त्या गूढ ध्वनींवरच आपले विश्व उभारले. या मुलांच्या कानांना डर्बीशायर यांचे नाव ठाऊक नव्हते. ध्वनी ठाऊक होता. त्या ध्वनीच्या मागावर जाताना ते नावापर्यंत पोहोचले.

अर्थात चाहत्यांचेही दोष आहेत. १९८५ साली मालिका थांबवली गेली, तेव्हा लेव्हीन यांनीच निषेधार्थ काढलेले गाणे इतके फसले की प्रेम हे रसिकतेची हमी नव्हे, हे सर्वांना कळून चुकले. उलट केएलएफच्या जोडगोळीने १९८८ साली, टाइमलॉर्ड्स या नावाने, याच शीर्षकसंगीताची थट्टा करणारी तबकडी स्वतःच्या कंपनीतर्फे काढली आणि ती थेट पहिल्या क्रमांकावर गेली. हरवलेल्या भागाची प्रत केवळ मालकीच्या सुखासाठी दडवून ठेवणारा संग्राहक तर मला पुसणाऱ्या कारकुनाहून अधिक दोषी वाटतो. कारकुनाला वस्तूचे मोल कळले नव्हते. संग्राहकाला ते कळलेले असते.

तरीही ज्याला वेळेवर कोणी मोल दिले नाही, त्याचा इतिहास पुढे लिहिता येत नाही. आज तटस्थ अभ्यासक या मालिकेवर आणि या संगीतावर प्रबंध लिहितात, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्या आधारसामग्रीचा मोठा भाग मात्र कोणा शाळकरी मुलाने, घरातल्यांना गप्प बसायची विनवणी करून, टिपून घेतलेला आहे. काही फितींवर मागच्या खोलीतला आवाज ऐकू येतो. तो काढून टाकायचे तंत्र आता उपलब्ध आहे. माझ्या मते, तो एका तरी प्रतीत राहू द्यावा.