कर्जत : घाटपायथ्याच्या थांब्यापासून उपनगरापर्यंत

कोणतेही गाव वसते ते कशाच्या तरी आधाराने. कुठे बंदर असते, कुठे बाजारपेठ, तर कुठे तीर्थक्षेत्र. उल्हास नदीच्या काठचे कर्जत हे पूर्वी भातशेती करणारे एक सामान्य खेडे होते. त्याला आजचे रूप लाभले ते आगगाडीमुळे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली. १८५४ साली रूळ कल्याणला पोहोचले आणि १८५६ साली पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत आले. पुढे मात्र सह्याद्रीची भिंत उभी होती. १८५८ साली खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला. परंतु मधला घाट प्रवाशांना पालखीतून, तट्टावरून किंवा पायीच ओलांडावा लागे.

बोरघाटात लोहमार्ग घालण्याचे काम १८५६ साली जेम्स बर्कले या अभियंत्याच्या देखरेखीखाली सुरू झाले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येताच अल्पावधीत मरण पावला. त्यानंतर त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट स्वतःकडे घेऊन काम तडीस नेले. १८६१ च्या प्रारंभी या घाटात ४२ हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकी, ताप, सुरुंग आणि कडेकपारी यांनी त्यांपैकी हजारोंचे बळी घेतले. त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते या मार्गाचे उद्घाटन झाले.

या घाटाचा चढ काही ठिकाणी सदतीस फुटांस एक फूट इतका तीव्र आहे. एकट्या इंजिनाला तो पेलत नाही. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जत येथे मागून जादा इंजिने जोडण्याची पद्धत पडली, आणि हा सक्तीचा थांबाच गावाला फळला. रेल्वेचे चालक, फायरमन, सांधेवाले, हमाल येथे राहू लागले. त्यांच्या पाठोपाठ वाणी, कापडवाले, खाणावळवाले आले. गाडी थांबते तेवढ्या मिनिटांत फलाटावर विकला जाणारा कर्जतचा बटाटावडा तर महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाला.

पुढे विजेचे युग आले. टाटांचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र १९१५ साली, तर भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. १९२९-३० च्या सुमारास घाटमार्गावर विजेची इंजिने धावू लागली. त्यांपैकी मालगाड्या ओढणाऱ्या लांबट इंजिनांना रेल्वे कामगारांनी ‘खेकडा’ असे नाव ठेवले होते. वाफेचा धूर गेला, तरी मागून रेटा देणाऱ्या इंजिनांची गरज संपली नाही.

मुंबईतील जागा जसजशा महाग होत गेल्या, तसतशी नोकरदारांची वस्ती डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, नेरळ अशी सरकत कर्जतपर्यंत आली. जुन्या घरांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या. कर्जत मुंबईपासून रेल्वेने १०० किलोमीटर आहे. लोकलने एका वेळेस दोन तासांहून अधिक, म्हणजे जाऊन-येऊन दिवसाचे चार तास प्रवासातच जातात. २०१६ साली मंजूर झालेल्या पनवेल-कर्जत उपनगरी मार्गामुळे हे अंतर काहीसे सुसह्य होण्याची आशा निर्माण झाली.

परंतु अंतर केवळ किलोमीटरचे नसते. पूर्वी येथील रेल्वे कामगाराचे कामही गावात आणि घरही गावात होते. सण, सभा, शाळेची समिती, वाचनालय या सर्वांसाठी त्याला सवड मिळे. आजचा नोकरदार पहाटे निघतो आणि रात्री परततो. आठवड्यातून एक रविवारच त्याच्या वाट्याला येतो. अशा गावात सार्वजनिक संस्थांचा भार साहजिकच गृहिणी, निवृत्त मंडळी आणि स्थानिक व्यापारी यांच्यावर पडतो. ज्या गावाच्या संस्थांना माणसे मिळत नाहीत, ते गाव हळूहळू केवळ मुक्कामाचे ठिकाण बनते.

गेली दीडशेहून अधिक वर्षे कर्जतने इतरांच्या गाड्या घाटावर चढवून दिल्या. घाटाचा चढ एकट्याने चढवत नाही, हे या गावाइतके दुसरे कोणते गाव जाणणार? गावाच्या सार्वजनिक जीवनालाही असाच मागून रेटा लागतो. नव्या वस्तीने आपल्या रविवारातील एखादा तास गावाला दिला, तर कर्जत उपनगर होऊनही गावच राहील.