‘ट. ख. निराळा’ ते ‘मोफत घरपोच’ : एका खर्चाचा मागोवा

विसाव्या शतकातील मराठी पुस्तकांच्या जाहिरातींत किमतीपुढे ‘ट. ख. निराळा’ अशी नोंद सर्रास आढळते. टपालखर्च कोणी सोसावयाचा, हे त्यात स्पष्ट होते. १८७७ साली टपालखात्याने व्ही. पी. पद्धत सुरू केली; पोस्टमनच्या हाती पैसे देऊन पार्सल सोडवून घेण्याची रीत तेव्हापासूनची. २०१० मध्ये फ्लिपकार्टने आणलेली ‘वस्तू मिळताच रोख’ ही सोय म्हणजे व्ही. पी.चेच नवे रूप होय. टपालखर्चाची ओळ मात्र पुढे बिलातून नाहीशी झाली.

खर्च नाहीसा झाला काय? ॲमेझॉनच्याच वार्षिक अहवालानुसार २०२३ मध्ये कंपनीचा वाहतूक खर्च सुमारे ८,९५० कोटी डॉलर होता. तो वस्तूच्या किमतीत, किमान खरेदीच्या अटीत आणि वार्षिक वर्गणीत विभागला जातो. भारतात प्राइमची ९९९ रुपयांची वर्गणी डिसेंबर २०२१ मध्ये १,४९९ रुपये झाली.

त्याच वर्षी पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या सूस गावी या खर्चाचा आणखी एक वाटेकरी दिसतो. सोसायट्यांच्या फाटकाशी पार्सल घेऊन उभ्या असलेल्या तरुणाची दुचाकी बहुधा स्वतःची, पेट्रोलही स्वतःचे. खात्याचा पोस्टमन पगारी होता, निवृत्तिवेतनाचा हक्कदार होता. (खेड्यातील खातेबाह्य टपाल कर्मचाऱ्यास तेही नव्हते, हे नमूद केले पाहिजे.) या तरुणांना ‘प्लॅटफॉर्म कामगार’ ही कायदेशीर संज्ञा केंद्रीय कायद्यात प्रथम मिळाली, ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत.