टोपली, जत्रा आणि रिसॉर्ट: वसईच्या पर्यटनातील स्त्रिया

१/७ वसई म्हटले की १७३९ ची चिमाजी अप्पांची मोहीम आठवते. पण येथे येणाऱ्या यात्रेकरूंच्या आणि प्रवाशांच्या आधारे स्त्रियांनी उभ्या केलेल्या व्यवसायांनाही इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/७ पाहुणे या भूमीला नवे नाहीत. निर्मळला कार्तिक वद्य एकादशीपासून जत्रा भरते. विरारला जीवदानीचा डोंगर चढायला भाविक येतात. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे लोकल धावू लागली आणि मुंबईशी रोजचे दळणवळण जुळले.

३/७ या वर्दळीत बाईचे भांडवल म्हणजे तिची टोपली. कोळिणीची मासळी, वाडीतली भाजी आणि फुले, आगाशीची सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, ती ही सुकेळी. नफा थोडा, पण भाव ती ठरवी आणि पैसा तिच्याच कनवटीला राही.

४/७ गेल्या काही दशकांत अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यावर रिसॉर्ट उभे राहिले. तेथे बाईच्या वाट्याला बहुधा झाडलोट, धुणे आणि स्वयंपाक येतो. घरी विनामोल केलेल्या कामाला वेतन मिळाले, हा लाभ खरा. मात्र ‘बायकांचेच काम’ म्हणून त्याचे मोल कमीच धरले जाते.

५/७ हे चित्र जगभरचे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार पर्यटनातील कर्मचाऱ्यांत ५४ टक्के स्त्रिया आहेत. एकूण अर्थव्यवस्थेत हे प्रमाण ३९ टक्के. तरीही पर्यटनात त्यांची कमाई पुरुषांपेक्षा १४.७ टक्क्यांनी कमी भरते.

६/७ म्हणून रोजगार किती, याइतकाच ‘जागा कोणाची?’ हा प्रश्न मोलाचा ठरतो. टोपलीवालीला बसण्याचा हक्क हवा, निवास काढणारीला कर्ज. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांना किमान ४० टक्के जागा दिल्या. त्यांतील एक तृतीयांश स्त्रियांच्या. राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ धोरणात स्त्रियांच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाच्या परताव्याची तरतूद आहे. पण सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई बँकेपुढे तारण काय ठेवणार?

७/७ वसईचा किल्ला पाहायला गेलात, तर त्याच फेरीत आगाशीच्या बाजारातही डोकवा. तटबंदीचा इतिहास ग्रंथांत सापडतो. टोपलीचा मात्र विक्रेतीलाच विचारावा लागतो. तुमच्या गावच्या जत्रेत कोण काय विकत असे? आजीला विचारून खाली अवश्य लिहा.