रांग तुंबते तेव्हा: युनिक्सच्या मेसेज क्यू आणि त्यांच्या मर्यादा

मागच्या व्याख्यानात आपण पाइपपाशी थांबलो होतो. 1973 साली बेल लॅब्जमध्ये पाइप आला आणि एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याला देणं सोपं झालं. पण दोन्ही प्रोसेस एकाच कुळातल्या लागत, आणि निरोप सुटे राहत नसत, नुसता बाइट्सचा प्रवाह. टेलिफोनच्या कामासाठी बेलच्याच कोलंबस शाखेत वाढलेल्या युनिक्समध्ये यावर उपाय निघाला. 1983 च्या सिस्टिम फाइव्हमधून मेसेज क्यू सगळीकडे पोचल्या.

आता प्रश्न असा, की रांगेला मर्यादा का? कारण न उचललेला निरोप कर्नलच्या मेमरीत पडून राहतो, आणि ती मेमरी तेव्हा फार तुटपुंजी होती. म्हणून तीन आकडे ठरले: एक निरोप केवढा (एमएसजीमॅक्स), एका रांगेत एकूण बाइट्स किती (एमएसजीएमएनबी) आणि रांगा किती (एमएसजीएमएनआय). सोलारिसवर हे आकडे एका फाइलमध्ये लिहून मशीन रीबूट करावं लागे. 2005 च्या सोलारिस 10 ने ती कटकट संपवली. लिनक्सवर पहिले दोन आकडे आजही मुळात 8192 आणि 16384 बाइट्स आहेत. रांगांची संख्या मात्र 3.19 आवृत्तीपासून 32000 झाली.

गंमत बघा. रांगांची संख्या संपली, की नवी रांग मागणाऱ्याला उत्तर मिळतं, 'डिव्हाइसवर जागा नाही'. माणूस डिस्क तपासत बसतो, आणि डिस्क तर अर्धी रिकामी! खरी गोष्ट अशी, की प्रोसेस मेली तरी तिची रांग मरत नाही. कुणी पुसेपर्यंत किंवा मशीन रीबूट होईपर्यंत ती जागा अडवून बसते.

म्हणून आकडा वाढवण्याआधी आपण 'आयपीसीएस' कमांडने रांगा पाहाव्यात. बेवारस रांगा दिसल्या तर 'आयपीसीआरएम'ने काढाव्यात. एखाद्या रांगेतले बाइट्स सारखे वाढत असतील, तर निरोप उचलणारा मागे पडलाय. तिथे मर्यादा वाढवली तर रांग फक्त उशिरा तुंबेल. शिवाय एमएसजीएमएनबी वाढवला तरी आधीच उघडलेल्या रांगांची मर्यादा जुनीच राहते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

चाळीस वर्षांपूर्वी हे आकडे मेमरी वाचवायला ठेवले होते. आज मेमरी मुबलक आहे, पण कुठेतरी कुणीतरी मागे पडतंय, हे आपल्याला अजूनही तेच सांगतात.