टोकोफेरॉल आणि धातूंचे आयन : एका विक्रियेची तीन वाचने

एखाद्या द्रव्याला प्रारंभी मिळालेले नाव त्याच्या पुढील अभ्यासाची दिशा पुष्कळदा ठरवून टाकते. जीवनसत्त्व ई हे याचे ठळक उदाहरण होय. १९२२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट एव्हान्स व कॅथरिन बिशप यांना असे आढळले की, विशिष्ट शुद्धीकृत आहारावर वाढविलेल्या उंदरांच्या माद्यांना गर्भ राहतो, परंतु तो पूर्ण वाढत नाही. गव्हाचा अंकुर किंवा लेट्यूसची पाने आहारात घातली की हा दोष नाहीसा होई. १९३६ साली एव्हान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हाच्या अंकुराच्या तेलातून हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि ग्रीक भाषेचे प्राध्यापक जॉर्ज कॅल्हून यांच्या साह्याने त्यास 'टोकोफेरॉल' हे नाव दिले. 'टोकोस' म्हणजे प्रसूती, 'फेरेइन' म्हणजे वाहणे किंवा धारण करणे. अखेरचा 'ऑल' हा प्रत्यय ते रसायनदृष्ट्या अल्कोहॉल असल्याचे दर्शवितो. नाव प्रजननाचे झाले. परंतु या द्रव्याचे रासायनिक चरित्र प्रजननापेक्षा धातूंच्या सहवासात अधिक स्पष्टपणे उलगडत गेले.

त्या चरित्राचे पहिले पान नामकरणापूर्वीचे आहे. १९२८ साली वॉडेल व स्टीनबॉक यांनी नैसर्गिक पदार्थांच्या आहारावर फेरिक क्लोराइडाची प्रक्रिया केली आणि त्यामुळे त्यातील जीवनसत्त्व ई नष्ट होते, असे दाखविले. असा आहार घेणाऱ्या उंदरांना वंध्यत्व येई. पोषणशास्त्रज्ञांच्या दृष्टीने हा निष्कर्ष सरळ होता : लोह हे या जीवनसत्त्वाचे विनाशक आहे. जीवनसत्त्वरहित आहार सिद्ध करण्याची एक युक्ती म्हणून या पद्धतीचे महत्त्व होते. लोह नेमके काय करते, हा प्रश्न त्या वेळी गौण राहिला.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची साधने रसायनशास्त्राच्या दुसऱ्याच दालनात तयार होत होती. फेरस लवण व हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले असता टार्टारिक अम्लाचे झपाट्याने ऑक्सिडीभवन होते, हे फेंटन यांनी १८९४ साली प्रसिद्ध केले होते. १९३४ साली हाबर व वाइस यांनी या विक्रियेच्या मुळाशी अल्पायुषी मुक्त मूलके असल्याचे प्रतिपादन केले. तेले व चरबी खवट होण्याची क्रियाही मूलकांच्या साखळी-विक्रियेनेच चालते. १९३७ साली ऑल्कॉट व इमर्सन यांनी टोकोफेरॉले ही क्रिया रोखतात, असे दाखवून दिले. टोकोफेरॉल आपला एक हायड्रोजन अणू पेरॉक्सिल मूलकास देते व साखळी तोडते. स्वतः मात्र ते टोकोफेरॉक्सिल मूलक बनते. देणे हा त्याचा धर्म ठरला. आता पुढचा प्रश्न असा की, हे दान कोणाच्या पदरी पडते?

या प्रश्नाचा एक पैलू १९३८ साली एका विश्लेषणपद्धतीतून प्रकट झाला. एमेरी व एंगेल या डच संशोधकांनी टोकोफेरॉलाची मात्रा मोजण्यासाठी फेरिक क्लोराइडाचाच उपयोग केला. टोकोफेरॉल फेरिक आयनास इलेक्ट्रॉन देऊन त्याचे फेरस आयनात क्षपण करते. हा फेरस आयन डायपिरिडिलाशी लाल रंगाचे संयुग बनवितो आणि रंगाच्या गडदपणावरून टोकोफेरॉल किती होते ते कळते. दहा वर्षांपूर्वी जे लवण विनाशक म्हणून परिचित झाले, तेच आता मापक ठरले. एकीकडे जीवनसत्त्वाचा नाश नोंदविला गेला, दुसरीकडे लोहाचे क्षपण. परंतु टोकोफेरॉलाने लोहास इलेक्ट्रॉन देणे ही दोहोंना जोडणारी बाब होती. मात्र क्षपण झालेल्या त्या लोहाचे पुढे काय होते, याची चौकशी परीक्षानळीपाशी थांबली. कारण रंग दिसला की विश्लेषकाचे काम संपत असे.

तिसरे वाचन रक्तातील कमी घनतेच्या लायपोप्रोटीनाच्या अभ्यासातून पुढे आले. १९८० नंतरच्या दशकात या कणांचे ऑक्सिडीभवन घडविण्यासाठी प्रयोगशाळांत तांब्याचे आयन सर्रास वापरले जाऊ लागले. अशा एका कणात अल्फा-टोकोफेरॉलाचे सरासरी सुमारे सहा रेणू असतात. १९९२ साली बाउरी, इंगोल्ड व स्टॉकर यांनी दाखविले की, सोबतीला क जीवनसत्त्वासारखे साह्यकारी द्रव्य नसेल, तर कणात अडकलेले टोकोफेरॉक्सिल मूलक स्वतःच शेजारच्या असंतृप्त वसाम्लाचा हायड्रोजन ओढून घेते व साखळी पुढे नेते. धातूच्या आयनाचा वाटाही येथे उघड होतो. टोकोफेरॉल क्युप्रिक आयनाचे क्युप्रस आयनात क्षपण करते आणि क्युप्रस आयन वसेतील हायड्रोपेरॉक्साइडांचे विघटन करून नवी मूलके निर्माण करतो. एमेरी-एंगेल परीक्षेतील क्षपणाचाच हा प्रकार. फक्त लोहाच्या जागी तांबे आले आणि रंगाच्या जागी खवटपणा.

या निष्कर्षांची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. निरोगी शरीरात लोह ट्रान्सफेरिन व फेरिटिन या प्रथिनांत, तर तांबे मुख्यत्वे सेरुलोप्लाझ्मिनात बद्ध असते; मोकळे आयन अत्यल्प असतात. क जीवनसत्त्व टोकोफेरॉक्सिल मूलकाचे पुन्हा टोकोफेरॉल करते, हे पॅकर, स्लेटर व विल्सन यांनी १९७९ साली प्रत्यक्ष निरीक्षणाने दाखविले होते. म्हणून परीक्षानळीतील तांब्यावरून मानवी रक्तवाहिनीविषयी थेट अनुमान काढणे युक्त नव्हे. तसेच २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'होप' या मोठ्या चाचणीत दररोज ४०० एकक जीवनसत्त्व ई देऊनही हृद्रोगात लाभ आढळला नाही. त्याचे खापर एकट्या धातूंवर फोडणे हेही उतावीळपणाचे होईल. तथापि 'ऑक्सिडीभवनरोधक असल्यामुळे ते हितकारकच असणार' या अनुमानाचा आधार यामुळे डळमळला, हे निश्चित.

हे अनुमान मुळात एका शब्दावर उभे होते. 'ऑक्सिडीभवनरोधक' हे विशेषण पदार्थाचा स्थायी गुण सांगते असे वाटते; वस्तुतः ते एका संबंधाचे नाव आहे. टोकोफेरॉल दाता आहे, एवढेच त्याच्याविषयी निरपेक्षपणे म्हणता येते. घेणारे पेरॉक्सिल मूलक असेल तर ते रक्षक ठरते. घेणारा धातूचा आयन असेल व त्यास पेरॉक्साइडाची जोड मिळाली तर तेच अनर्थाचे निमित्त होऊ शकते. वॉडेल-स्टीनबॉक यांना यातील नाश दिसला, एमेरी-एंगेल यांना परिमाण दिसले आणि बाउरी-इंगोल्ड-स्टॉकर यांना संबंध दिसला. चोवीस वर्षांचे नव्हे, तर चौसष्ट वर्षांचे हे अंतर तोडण्यास नवे द्रव्य लागले नाही. जुन्याच द्रव्याकडे त्याच्या विशेषणापलीकडे जाऊन पाहावे लागले.