गुलमोहर: मादागास्करहून आलेला पाहुणा

गुलमोहर हा मूळचा मादागास्कर बेटाचा वृक्ष. वेन्झेल बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात त्याची ओळख जगाला करून दिली. मुंबईत शिवडीला १८४० च्या सुमारास तो प्रथम आढळल्याचे सांगितले जाते. पुढे बागांतून आणि रस्त्यांच्या कडेने तो महाराष्ट्रभर पसरला. वैशाखात रानातली हिरवळ सुकते, तेव्हा तो लाल होतो. त्या रखरखीत दिवसांत त्याच्याइतका दिलासा देणारा वृक्ष क्वचितच. साताऱ्यात तर १ मे हा गुलमोहर दिन म्हणून साजरा होतो.

लागवड सोपी, पण बी हट्टी असते. साल टणक असल्याने ते गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजत ठेवतात, किंवा त्याची साल घासतात. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी लागते, नंतर पावसावर भागते.

खरा प्रश्न जागेचा. गुलमोहराची मुळे उथळ पसरतात, लाकूड ठिसूळ असते आणि वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात. पुणे-नाशिक महामार्गालगतच्या कुरुळीसारख्या, शेतीच्या शेजारी कारखाने आलेल्या गावात भिंत, गटार किंवा विजेच्या तारांजवळ तो लावणे चूकच. मोकळे मैदान त्याला द्यावे. अरुंद जागेसाठी तामण निवडावी: ती इथलीच आहे, जांभळी फुलते आणि महाराष्ट्राचे राज्यपुष्पही तिचेच.