जिजाईची चप्पल

‘संत तुकाराम’ मी पहिल्यांदा आजीशेजारी बसून पाहिला. वैकुंठाला निघालेल्या विमानाला तिनं हात जोडले. माझी नजर मात्र तुकोबांच्या बायकोवर, जिजाईवर. एका हातानं आजारी पोराला ओढत देवळात नेते आणि दुसऱ्या हातानं थेट पांडुरंगावर चप्पल उगारते! गौरीबाईंनी ही जिजाई केली नाही, त्या ती जगल्या. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी १९३६ साली पुण्यात, प्रभात स्टुडिओमध्ये, तुकोबांचं हे देहू उभं केलं. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस मूळचे नाटकात स्त्रीभूमिका करणारे. त्या देहबोलीतलं मार्दव इथं भक्ती होऊन येतं. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपट गौरवला गेला. त्यातलं बीजाचं गाणं मात्र तुकोबांचं नव्हे, शांताराम आठवल्यांचं, हे आजीला शेवटपर्यंत पटलं नाही.